तळं भरलेलं हवं की रिकामं? बेळगावजवळच्या एका लेआउटमधलं प्रकरण

बेळगावच्या दक्षिण बाजूला, जिथं पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत भाताचं शिवार होतं तिथं झालेल्या एका लेआउटची, म्हणजे प्लॉट पाडून विकलेल्या वसाहतीची, ही हकीकत आहे. नाव, सर्व्हे नंबर, माणसं सगळं काढून टाकलंय कारण भांडणं मिटलीत आणि ती परत उकरण्यात कुणालाच रस नाही. मी सिव्हिलची कामं करतो, तिथं राहत नाही, तिथल्या रहिवाशांच्या कमिटीतल्या एकाशी जुनी ओळख म्हणून "जरा येऊन बघून जा की" असा फोन आला आणि मग शेवटपर्यंत त्यात राहिलो. पावसाचं पाणी अडवायला तळं ठेवलेली लेआउटं आपल्या भागात आता दिसायला लागलीत, घर घेणाऱ्याला ते तळं म्हणजे व्ह्यू वाटतो, आणि गडबड तिथूनच चालू होते.

पार्श्वभूमी

लेआउट बारा एकरांचं, साधारण एकशे दहा साईट (प्लॉट). वरची बाजू तांबड्या मातीची आणि खालच्या कोपऱ्याला चिकण, जिथून एक चर निघून शेतांतनं पुढं मोठ्या नाल्याला मिळतो. बेळगाव शहरात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडं गेलं की त्याच्या कितीतरी जास्त आणि पूर्वेला अथणीकडं गेलं की निम्म्याहून कमी, त्यामुळं "आमच्याकडं पाऊस असा असतो" म्हणून जिल्ह्यात कुणी एक आकडा सांगितला तर तो धरायचा नाही. शहराभोवती दोन तऱ्हेचा पाऊस त्रास देतो. एक वळवाचा, एप्रिल-मेमध्ये तासाभरात धो धो ओतून जाणारा, आणि दुसरा जुलैचा, तरणा-म्हातारा म्हणजे पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांचा, जो दिवसचे दिवस थांबत नाही आणि जमिनीला प्यायला जागाच ठेवत नाही. तळ्याला या दोन्हींचा विचार करावा लागतो.

इथं भात होतं तेव्हा पुराचा प्रश्न कसा नव्हता हे लोक सारखं विचारतात. नव्हता, कारण प्रत्येक खाचर हेच एक छोटं तळं होतं. बारा एकरांतल्या निम्म्या जमिनीत जरी खाचरं धरली आणि बांधाला अर्धा फूट पाणी थांबतंय असं धरलं तरी पस्तीस लाख लिटरच्या वर पाणी रानातच बसत होतं. ते बांध सपाट करून वर रस्ते, स्लॅब, पेव्हर आले. आता हिशोब करा. तासाभरात 60 मिलिमीटर पाऊस पडला तर बारा एकरांवर मिळून 29 लाख लिटर पाणी पडतं. मोकळ्या रानातनं त्यातलं तीस टक्के वाहून जातं म्हणू, म्हणजे पावणेनऊ लाख. घरं-रस्ते झाल्यावर सत्तर टक्के, म्हणजे वीस लाख. हे टक्के अंदाजाचेच, ठोकताळ्याचे असतात, जमीन आधीच भिजलेली असेल तर रानातनंसुद्धा खूप जास्त वाहतं. पण मधला फरक अकरा-साडेअकरा लाख लिटरचा, बारा हजार लिटरचे जवळजवळ शंभर टँकर. हे शंभर टँकर कुठंतरी तीन-चार तास थांबवून ठेवायचे आणि मग सावकाश सोडायचे, एवढंच तळ्याचं काम.

ज्यानं डिझाईन केलं त्यानं काम नीट केलं होतं, हे मुद्दाम सांगतो कारण भांडणात सगळ्यात आधी त्यालाच शिव्या पडल्या. खालच्या कोपऱ्यात चौदा गुंठे तळ्याला ठेवलेले. तळाला दोन फूट पाणी कायम राहणार, त्याच्यावर साडेतीन फूट जागा रिकामी, पावसासाठी. बांधाच्या आतल्या अंगाला चिऱ्याचं एक चौकोनी चेंबर, त्याला तळापासून दोन फुटांवर एक फूट व्यासाचं भोक आणि पुढं लोखंडी जाळी. पाणी दोन फुटांच्या वर गेलं की या भोकातनं बाहेर. आणि फारच पाऊस झाला तर बांधावर एका जागी दगडी पिचिंग केलेला (माती वाहू नये म्हणून दगड बसवलेला) खोलगट सांडवा, बाकीच्या बांधापेक्षा दीड फूट खाली, जेणेकरून पाणी जायचंच असेल तर तिथूनच जाईल, बांध फोडून नाही. साडेतीन फूट रिकामी जागा आणि सरासरी साडेदहाशे चौरस मीटर म्हणजे अकरा लाख लिटरच्या वर. वरचा हिशोब आणि हा हिशोब बरोबर जुळतो.

पण हे सगळं एका नकाशावर होतं आणि नकाशा एका फायलीत होता. साईट घेणाऱ्यांना ब्रोशरमध्ये दाखवलं होतं ते तळं निळं, काठोकाठ भरलेलं, शेजारी बाक.

अडचण कशी वाढत गेली

एकदम काही बिघडलं नाही. पहिली काही वर्षं घरं कमी होती, पाणीही कमी यायचं. मग घरं वाढली, कमिटी झाली, वर्गणी निघाली आणि तळ्याभोवती वॉकिंग ट्रॅक करायचं ठरलं. बांधावरनं पेव्हर घालत आले तर मध्ये तो खोलगट सांडवा. सकाळी फिरणाऱ्या वयस्कर बायकांचे पाय तिथं मुरगळायचे, कंत्राटदारानं मुरूम टाकून लेव्हल करून दिलं, जादा पैसेही घेतले नाहीत म्हणून लोकांनी त्याचं कौतुक केलं. सांडवा गेला. कुणालाच कळलं नाही की काय गेलं, कारण त्या जागेवर कधी पाणी वाहताना कुणी बघितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. मार्च-एप्रिलमध्ये तळं खाली जायचं, कडेचा चिखल उघडा पडायचा, वास यायचा, आणि शिवाय "पाणी टिकलं तर बोअरला फायदा" हेही होतंच. कुणीतरी जाळीला वाळूची पोती लावली. पुढच्या वर्षी अजून दोन. नेमकं कुणी लावली यावर मीटिंगमध्ये अर्धा तास गेला, निष्पन्न काही झालं नाही. परिणाम असा की कायमचं पाणी दोन फुटांऐवजी साडेचार फुटांवर जाऊन बसलं. तळं बारा महिने भरलेलं, फोटोला छान, संध्याकाळी पोरंटोरं, बाकावर गप्पा. पावसासाठी शिल्लक जागा एक फूट. अकरा लाखांच्या जागी साडेतीन लाख लिटर.

तिसरी गोष्ट हळूच झाली. तीन-चार घरांनी स्वयंपाकघराचं सांडपाणी पावसाच्या गटारात जोडलं, कारण त्यांचा शोषखड्डा चिकण मातीत मुरत नव्हता. ते सगळं तळ्यात. पाणी हिरवं झालं, मग डास. पाणी येण्याच्या तोंडाशी गाळाचा उंचवटा साठत गेला आणि त्यावर पाणकणीस उगवलं, पुरुषभर उंच. ते दिसायलाही बरं होतं, बगळे यायचे, म्हणून काढलं नाही.

आणि मग जुलै. पुनर्वसूत तीन दिवस झड लागलेली, तळं आधीच तुडुंब. तिसऱ्या रात्री दोन ठिकाणी एकाच वेळी पाणी चढलं. वरच्या शेवटच्या क्रॉसमधल्या, म्हणजे आडव्या गल्लीतल्या, चार घरांत गटाराचं पाणी उलटं आलं, एकाच्या हॉलमध्ये सोफ्याच्या गादीपर्यंत. आणि खाली बांधावर, जिथनं पोरं शॉर्टकट म्हणून दुचाकी घालायची आणि बांध झिजून बसला होता, तिथनं पाणी वरून गेलं. मातीच्या बांधावरनं पाणी एकदा जायला लागलं की तो थांबत नाही, कडेची माती धरून धरून खाली जाते. सकाळपर्यंत सहा-सात फूट रुंद घळ पडली आणि खालच्या शेतकऱ्याच्या नुकतीच लावण झालेल्या इंद्रायणीत गाळ, पिशव्या, थर्माकोल सगळं जाऊन बसलं.

तो शेतकरी सकाळी आला तेव्हा मी तिथं नव्हतो, पण त्यानं काय म्हटलं ते सगळ्यांनी सांगितलं, तेच वाक्य. "तुमचं तळं तुम्ही बघा की ओ, माझ्या रानात कशाला सोडताय?"

पहिलं निदान आणि मोजमाप

कमिटीचं मत ठाम होतं, गाळ साठलाय, गाळ काढा. कोटेशन पण आलं होतं. मला बोलावलं ते त्या कोटेशनवर नजर टाकायला.

पाऊस उघडल्यावर एक बांबू घेऊन, त्यावर फुटांच्या खुणा मारून, थर्माकोलच्या ठोकळ्यावर पोरगं बसवून मोजलं (पोरगं पोहणारं होतं आणि कमरेला दोर होता). मध्यभागी गाळ दीड ते पावणेदोन फूट. म्हणजे भोकाच्या पातळीच्या खालीच. आता इथं नीट बघा, कारण सगळं प्रकरण इथं वळलं. भोकाच्या खालच्या दोन फुटांत गाळ असो नाहीतर पाणी असो, पुराच्या हिशोबात काही फरक पडत नाही, ती जागा कधी रिकामी नसतेच. मधला गाळ सगळा काढला असता, दीड-दोन लाख घातले असते, आणि पोती तशीच राहिली असती, तर पुढच्या जुलैत बांध परत तिथंच फुटला असता.

तोंडाशी मात्र गोष्ट वेगळी होती. तिथला उंचवटा भोकाच्या पातळीच्याही फूटभर वर आलेला, आणि गटाराचा पाईप त्यात अर्धा गाडला गेलेला. वरच्या चार घरांत पाणी गेलं ते यामुळं. म्हणजे लोक ज्याला एक अडचण समजत होते त्या दोन होत्या. वरच्या क्रॉसचं पाणी तोंडाशी अडलं, खालचा बांध पोत्यांमुळं आणि गेलेल्या सांडव्यामुळं फुटला. एक काढून दुसरी सुटली नसती.

पोती कुणाला दिसत कशी नव्हती तेही सांगतो. चेंबरशी गेलो तर जाळी दिसतच नव्हती, एक हिरवा गुळगुळीत भिंतीचा तुकडा वाटत होता. शेवाळ खरडल्यावर सिमेंटच्या पोत्यावरचं अर्धं छापलेलं अक्षर निघालं. मधल्या फटींत दुधाच्या पिशव्या, नारळाच्या शेंड्या, निर्माल्याचा दोरा, एक लहान मुलाची चप्पल, सगळं घट्ट बसून त्याचं बूच झालेलं. पोती नसती तरी नुसत्या कचऱ्यानं ते भोक निम्मं बंद झालं असतं, कारण जाळी उभी सपाट होती आणि तिला साफ करायला बांधावरनं हातच पोचत नव्हता. मूळ डिझाईनमधला म्हणायचा तर हा एकच दोष मला सापडला.

पर्याय

मीटिंग झाली एका घराच्या गच्चीवर, शेडखाली. निम्मे मराठी, निम्मे कन्नड, बोलणं आमच्याकडं जसं होतं तसं दोन्हीत मिसळून.

सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्या तळं बुजवण्याला. बुजवायचं, वर बाग आणि छोटं देऊळ करायचं, आणि पाणी मोठ्या बंद गटारानं थेट चरात. ऐकायला इतकं सोपं की विरोधात बोलणारा वेडा वाटावा. पण तासाला 60 मिलिमीटरच्या पावसात बारा एकरांतनं सेकंदाला साडेपाचशे लिटरच्या वर पाणी येतं, मोकळ्या रानातनं यायचं त्याच्या दुपटीहून जास्त, आणि ते सगळं त्याच शेतकऱ्याच्या चरात एकदम गेलं असतं. त्याचं एक शेत नव्हे, पुढची रांगच गेली असती. पुढं बळ्ळारी नाल्याच्या काठाला शहापूर-वडगावच्या शिवारात पावसाळ्यात काय होतं हे बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही, आणि 2019 च्या ऑगस्टचा महापूर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. शिवाय मंजूर नकाशात दाखवलेली मोकळी जागा बुजवणं कायद्यात बसत नाही. कमिटीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी हे शांतपणे वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या थांबल्या.

दुसरा पर्याय पंपाचा. एकानं डिझेल पंप देऊ केला. पण पाऊस रात्री येतो, लाईट तेव्हाच जाते, आणि पंपानं काढलेलं पाणी टाकायचं कुठं? परत त्याच चरात. हा विषय लवकर संपला.

तिसरा, तळं पूर्ण कोरडं ठेवायचं. तळाला भोक पाडायचं, पाऊस आला की भरेल, एक-दोन दिवसांत रिकामं होईल, डासांचा प्रश्न मिटेल. डासाचं अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, पाणी तीन दिवसांत गेलं तर डास होत नाहीत, हे बरोबरच आहे. मला स्वतःला हा पर्याय पटला होता. अडचण अशी की तळाची पातळी आणि बाहेरच्या चराची पातळी यात फरक वीतभर. पूर्ण कोरडं होण्याऐवजी जागोजागी डबकी राहिली असती, आणि डबकी तळ्यापेक्षा वाईट, तिथं मासे जगत नाहीत.

चौथा, लेआउट करणाऱ्यावर केस. काही जण अजूनही म्हणतात करायला हवी होती. पण सांडवा त्यानं बुजवला नव्हता, पोती त्यानं लावली नव्हती. वकिलानं फोटो बघून हेच सांगितलं.

राहिला तो सगळ्यात न आवडणारा पर्याय. पोती काढायची, सांडवा परत खोल करायचा, म्हणजे तळं वर्षातले आठ-नऊ महिने अर्धं रिकामं दिसणार. तळ्याकडच्या साईटवाल्यांचा विरोध इथं खरा होता, त्यांनी व्ह्यूसाठी जादा पैसे मोजले होते. एक जण म्हणाला, "मग डबकं बघत बसू काय आम्ही?" शेवटी तोडगा असा निघाला की कायमची पातळी दोन फुटांऐवजी अडीच फूट ठेवायची, त्यापेक्षा एक इंच जास्त नाही, आणि अर्ध्या फुटानं गेलेली जागा बांध अर्धा फूट वाढवून भरून काढायची. बांध वाढवला तर सांडवाही तेवढाच वर घ्यावा लागतो, नाहीतर वाढवून काही मिळत नाही, हे दोनदा समजावून सांगावं लागलं.

काय केलं

पहिला निर्णय घाईचा होता. पाऊस चालू, तळं भरलेलं, घळ वाळूच्या पोत्यांनी तात्पुरती बुजवलेली. तरुण पोरांचं म्हणणं आत्ताच्या आत्ता सगळी पोती ओढून काढू. थांबवलं, दोन कारणांनी. भिजलेल्या बांधाच्या पुढचं पाणी झपाट्यानं उतरलं तर आतली माती पाण्याचा आधार जाऊन घसरते, ही गोष्ट धरणांनाही लागू होते आणि पाच फुटांच्या बांधालाही. आणि दुसरं, एक फुटाच्या भोकातनं चार फूट पाण्याच्या दाबानं सेकंदाला दोनशे लिटर निघतं, ते सगळं परत त्या शेतकऱ्याच्या अंगावर. म्हणून आधी त्याच्याकडं जायचं ठरलं. कमिटीचे दोघं आणि मी गेलो. तो बोलायलाच तयार नव्हता, त्याच्या आईनं चहा ठेवला, मग बोलला. त्यानं सांगितलं की चराच्या एका वळणावर बांध कच्चा आहे, तो आधी पक्का बांधून घ्या आणि मग दिवसाउजेडी सोडा, रात्री नको. तसंच केलं, एकेक पोतं, दोन-तीन दिवस घेऊन. त्याच्या नुकसानीचे पैसे वर्गणीतनं दिले. रक्कम इथं सांगत नाही, पण घासाघीस केली नाही आणि ते बरं झालं.

खरं काम दिवाळीनंतर. क्रम महत्त्वाचा म्हणून सांगतो.

बांध आधी. घळीच्या दोन्ही कडा उतरत्या कापल्या, पायऱ्या पाडल्या, आणि चिकण माती अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरानं, पाणी मारून, रोलर फिरवून भरली. कंत्राटदाराला एकदम ट्रॉली ओतून वरनं जेसीबीच्या बकेटनं थोपटायचं होतं, त्यावर वाद झाला. जुनी नवी माती अशी नुसती ओतून चिकटत नाही, पाणी बरोबर सांध्यातनं वाट काढतं. बांधात खेकड्यांची आणि घुशींची बिळं किती होती हे कापल्यावर कळलं, एका बिळात हात कोपरापर्यंत गेला. बांधावर कुणीतरी हौसेनं लावलेली दोन बदामाची झाडं काढावी लागली, त्यावरून नाराजी झाली. पण मुळं कुजली की त्या जागी पाण्याला नळी तयार होते. बांधावर हरळी ठेवायची, झाडं खाली पायथ्यापासून लांब.

मग सांडवा, दगडी पिचिंगसकट. वॉकिंग ट्रॅकचं काय करायचं हा प्रश्न होताच, तर सांडव्याचे दोन्ही उतार इतके हलके घेतले की चालणाऱ्याला जाणवतसुद्धा नाही, आणि कडेला रेलिंग. मुरगळणाऱ्या पायांचा प्रश्न पहिल्याच वेळी असा सोडवता आला असता.

जाळी बदलली. सपाट जाळीच्या जागी तिरकी, पिंजऱ्यासारखी, आणि चेंबरपर्यंत जायला एक फरशीचा पूल. आता एका माणसाला दाताळं घेऊन उभ्या उभ्या कचरा ओढता येतो. भोकावर एक फुटाच्या ऐवजी नऊ इंचांची प्लेट बसवायची की नाही यावर विचार झाला, पाणी सावकाश सुटून खाली त्रास कमी, पण तळं रिकामं व्हायला साधारण दुप्पट वेळ, आणि झडीच्या पावसात पुढची सर येण्याआधी रिकामं होणं जास्त गरजेचं. एक फूटच ठेवलं.

तोंडाशी, गटार पडतं तिथं, एक छोटा वेगळा हौद केला, मधे दगडाचा बुटका बांध. पाणी आधी या हौदात येऊन थांबतं, जड वाळू-माती तिथंच बसते आणि बाकीचं वरून तळ्यात. म्हणजे दर उन्हाळ्यात फक्त हौद उपसायचा, तळं नाही. हौदाच्या तळाला काँक्रीट टाकलं, जेसीबीच्या बकेटला कुठवर खणायचं ते कळावं म्हणून, नाहीतर दरवर्षी तो थोडा थोडा खोल होत जातो.

गाळ शेवटी आणि तोही फक्त तोंडाचा आणि कडेचा, पस्तीस-चाळीस ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). काढायचा ठरला तेव्हा सगळ्यांना वाटलं शेतकरी आनंदानं नेतील. नेला नाही. गावच्या तलावाचा गाळ वेगळा, यात स्वयंपाकघरातलं तेल, प्लॅस्टिक, रस्त्यावरचं ऑईल. खालचा शेतकरी एक मूठ हातात घेऊन वास घेऊन म्हणाला, "हे भाताला नको ओ." शेवटी वाळवून लेआउटच्याच एका सखल मोकळ्या जागेत भरला, वर फूटभर चांगली माती.

सांडपाण्याची जोडणी तोडणं हे कागदावर सगळ्यात सोपं आणि प्रत्यक्षात सगळ्यात अवघड निघालं. जोडणाऱ्यांत एक जण कमिटीतलाच. सगळे गप्प. शेवटी जोडणी केलेल्या त्या घरांना मिळून एक मोठा शोषखड्डा वरच्या बाजूला, जिथं तांबडी माती आहे आणि पाणी मुरतं, तिथं करून दिला, निम्मा खर्च त्यांचा. दोष कुणाचा यापेक्षा पाणी मुरायला जागा कुठं आहे हा प्रश्न विचारला तेव्हा तोड निघाली.

डासांसाठी गप्पी मासे सोडले, आरोग्य खात्याकडनं मिळाले. आणि गणपती विसर्जन तळ्यात नको, बाजूला ताडपत्रीचा तात्पुरता हौद, यावर मात्र आश्चर्य म्हणजे एका मीटिंगमध्ये एकमत झालं.

निकाल

पुढच्या जुलैत पाणी सांडव्यापर्यंत पोचलं नाही, एकदा वीतभर खाली राहिलं आणि पहाटेपर्यंत दोन फूट उतरलं. वरच्या क्रॉसमध्ये पाणी आलं नाही. मे महिन्यातल्या एका वळवानंतर हौदात बोटभर तांबडी माती बसलेली दिसली, जी नाहीतर तळ्यात गेली असती. डास कमी झालेत, गेलेले नाहीत.

सगळं छान झालं असं मात्र नाही. मार्चमध्ये तळ्याची कड अजूनही चिखलाची दिसते. ज्याला व्ह्यू हवा होता त्यानं घर विकायला काढलं, कारण तेच असेल असं नाही पण तो तसं सांगतो. आणि एकदा ऑक्टोबरमध्ये जाळीशी परत एक पोतं सापडलं. एकच. कुणी ठेवलं माहीत नाही, काढून टाकलं आणि चेंबरवर लाल पट्टा मारला, "पाणी याच्यावर थांबवू नये", मराठीत आणि कन्नडमध्ये.

तळं मालकीनं कुणाचं हे अजून कागदावर ठरलेलं नाही. लेआउट करणाऱ्यानं सोपवलं नाही, पंचायतीनं घेतलं नाही. अर्ज कन्नडमध्ये लिहून, नकाशाची प्रत जोडून, पोच घेऊन ठेवलीय. तोवर खर्च वर्गणीतनं, साईटमागं वर्षाला ठरलेली रक्कम, आणि मोकळ्या साईटवाले, जे पुण्यात नाहीतर बेंगळुरूत राहतात, ते देत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

मंजूर नकाशा आणि तळ्याचा छेद (तळं उभं कापून दाखवणारं चित्र), हे दोन कागद कमिटी झाली त्या दिवशी काढून घ्यायला हवे होते. ते मिळाले पूर आल्यावर. छेदात सांडवा स्पष्ट काढलेला होता, कंत्राटदाराला तो कागद दाखवला असता तर त्यानं मुरूम टाकलाच नसता.

खालच्या शेतकऱ्याशी बोलणं नुकसान झाल्यावर चालू झालं. चराचं कच्चं वळण, पाणी कुठं तुंबतं, कुठल्या महिन्यात त्याला पाणी हवं असतं आणि कुठल्या महिन्यात नको, हे सगळं त्याला आधीपासून माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. आता जाळी साफ करायचं काम त्यालाच महिन्याच्या पैशावर दिलंय, पावसाळ्यात तो रोज येतो, कारण त्याचं रान खाली आहे. पगारी वॉचमनपेक्षा हे बरं चाललंय.

पट्टी आधीच लावायला हवी होती. चेंबरच्या भिंतीवर फुटांच्या खुणा रंगवल्यात, खर्च एका डब्याचा. पाणी अडीच फुटांवर आहे की साडेचार हे ज्याला त्याला दिसतं, आणि वाद "मला वाटतं" वरून आकड्यावर येतो. वर्षानुवर्षं पाणी अडीच फूट चढत गेलं ते कुणाला जाणवलं नाही कारण बघायला काही नव्हतंच.

एका गोष्टीवर माझं अजून ठरत नाही. पातळी अडीच फूट मान्य केली ती बरोबर होती का. तांत्रिक दृष्टीनं दोनच ठेवायला हवी होती, बांध वाढवून जागा भरून काढणं म्हणजे जास्त पाणी जास्त उंचीवर अडवणं, आणि तो फुटला तर नुकसानही तेवढंच जास्त. पण दोनवर अडून बसलो असतो तर मीटिंगच मोडली असती आणि पोती राहिली असती. मी तेव्हा अडीचला हो म्हटलं. एखाद्या वर्षी 2019 सारखा ऑगस्ट आला तर कळेल. तोवर दर मेमध्ये, मृग लागायच्या आधी, बांधाची उंची लेव्हल लावून तपासायची आणि जिथं बसलाय तिथं भरायचा, असं ठरावात लिहून घेतलंय.